लहानपणची पुस्तकं: नीट बांधून ठेवू की लेकीच्या हातात देऊ?

मिरज_जंक्शन

आमचं मिरजेचं घर विकायला काढलंय. आई-अण्णा आता कायमचे आमच्याकडे ठाण्याला येणार. भांडीकुंडी, पलंग, कपाटं, कुणाला काय द्यायचं ते सगळं एका दुपारात ठरलं. अडलंय ते माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेपाशी. तिच्यात माझी लहानपणची पुस्तकं आहेत. इथे जुन्या कागदाची माहिती असलेली मंडळी आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अण्णा रेल्वेत गार्ड होते. पुण्याला गाडी घेऊन गेले की येताना फलाटावरच्या स्टॉलवरून काहीतरी आणायचेच. चांदोबा दर महिन्याला ठरलेला. 'किशोर' शाळेतून मिळायचा. फास्टर फेणे वाढदिवसाला. आणि सांगलीला सोव्हिएत पुस्तकांचं प्रदर्शन लागलं की तिथून मराठीतली रशियन पुस्तकं. मॉस्कोला छापलेली, जाड पांढरा कागद, पानभर रंगीत चित्रं, आणि किंमत इतकी कमी की महिनाअखेरीलासुद्धा अण्णा नाही म्हणायचे नाहीत.

प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर अण्णांनी शाईच्या पेनाने गाव आणि तारीख घातलीय. कुठे कुठे त्या दिवसाची नोंदही आहे. एकावर लिहिलंय, 'पुणे, १२-११-८८. येताना जेजुरीला ४० मि. थांबलो.' त्या चाळीस मिनिटांत डब्यात बसून त्यांनी ते पुस्तक आधी स्वतः वाचलं असणार, कारण घरी आल्यावर 'शेवट सांगू का?' म्हणून मला छळलेलं पक्कं आठवतंय.

या सगळ्यांत माझा जीव आहे तो अर्कादी गायदारच्या गोष्टीत. दोन भाऊ, त्यांची आई, आणि लांब सायबेरियात कामाला असलेले वडील. वडिलांची तार येते. ती आई घरी नसताना येते, दोघे भाऊ एकमेकांशी भांडतात आणि त्या झटापटीत तारेची डबी खिडकीतून बाहेर बर्फात जाते. मग आईला सांगायचंच नाही असं दोघं ठरवतात. तिघं आगगाडीने निघतात, पुढे घसरगाडीने जंगलातून जातात, पोचतात, तर तिथे चिटपाखरू नाही. तारेत 'इतक्यात येऊ नका' असं लिहिलेलं असतं. मिरजेत मे महिन्यात कौलं तापलेली असायची आणि मी आईच्या शेजारी लोळत ती रिकामी लाकडी घरं बघत राहायचे. अण्णासुद्धा गाडीवर गेले की दोन-दोन दिवस नसायचे. त्यामुळे त्या भावांचं वडिलांकडे जायला निघणं मला अगदी कळायचं.

आता पुस्तकांची अवस्था. रशियन पुस्तकं जवळजवळ नव्यासारखी आहेत, फक्त दोघांचे पुठ्ठे कण्यापाशी सुटलेत. चांदोबाची स्थिती वाईट आहे. बारा-बारा अंक एकत्र घालून एका बायंडरने जाड दाभणाने आरपार शिवले होते. ते गठ्ठे पूर्ण उघडत नाहीत, आतल्या बाजूचे शब्द शिवणीत गेलेत, आणि जोर लावला की पान पापडासारखं तुटतं. कडा तपकिरी झाल्यात. 'किशोर'च्या पिना गंजून त्यांचे डाग चार-चार पानं आत उतरलेत. फास्टर फेणेच्या दोन पुस्तकांना कुणीतरी सेलोटेप लावलाय, तो पिवळा पडून चिकट झालाय. कसरही दिसली.

अण्णा म्हणतात, 'तुझी वाचून झालीत ना? मग ओझं कशाला वाहतेस? कुणा शाळेला दे, नाहीतर रद्दीत घाल.' ते हे मनापासून म्हणतात, पुस्तक वाचून झालं की त्याचं काम झालं असं त्यांचं आधीपासून मत आहे. मला ते पटत नाही. नवी आवृत्ती आणून तीच गोष्ट वाचता येईल हे मान्य. पण जेजुरीच्या चाळीस मिनिटांची नोंद नव्या आवृत्तीत नसेल.

लेक पाचवीत आहे, इंग्रजी माध्यमात. मराठी वाचते, पण अडखळत. हीच पुस्तकं तिने हाताळावीत असं वाटतं, आणि तिच्या हातून ती फाटतील या विचाराने झोपही उडते. तर प्रश्न दोन. यातलं काय, कसं दुरुस्त करायचं? आणि तुम्ही तुमची पुस्तकं मुलांना दिलीत की कुलपात ठेवलीत?

खळ_आणि_पुठ्ठा

ताई, मी पुण्यात एका जुन्या ग्रंथालयाच्या बांधणी विभागात होतो, आता निवृत्त आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर बाकीचे बोलतील. पहिल्याबद्दल मला माहीत आहे तेवढं सांगतो.

सगळ्यात आधी, ट्रंक आहे तशी उचलून ठाण्याच्या घरात नेऊ नका. कसर आणि तिची अंडी पुस्तकांबरोबर येतील आणि तुमच्या बाकीच्या कपाटात शिरतील. मिरजेतच सावलीत, वाऱ्यावर एकेक पुस्तक काढा. नाकाला रुमाल बांधा. एक इंची मऊ ब्रश घ्या, रंगाऱ्याचा कोरा चालेल, आणि कण्याकडून कडेकडे झाडत जा. आपल्याकडे पुस्तकांना ऊन दाखवायची रीत आहे. माझी विनंती आहे की ती या पुस्तकांना लावू नका. चांदोबासारखा कागद लाकडाच्या भरड लगद्याचा असतो. त्यात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं आणि उजेड-हवा लागली की तेच पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि कागद कडक होऊन तुटतो. उन्हात ही क्रिया भराभर होते. तुमची रशियन पुस्तकं पांढरी राहिली याचं कारण तुमच्या आई-अण्णांची निगा तर आहेच, पण कागदही मुळात चांगला होता.

कसरीसाठी डांबराच्या गोळ्या नकोत, मुलगी ही पुस्तकं जवळ घेऊन बसणार आहे. कोरडं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करायचं आणि फ्रिजच्या बर्फाच्या खणात दोन आठवडे ठेवायचं. खण वेगळ्या दाराचा, उणे १८ अंशांपर्यंत जाणारा हवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस अजिबात उघडायची नाही. लगेच उघडलीत तर थंड कागदावर दव धरतं आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. नंतर कपाटात वेखंडाची पुरचुंडी ठेवा, आमच्याकडे पोथ्यांच्या कपाटात कायम असायची. पण वेखंड पुढे किडा येऊ नये म्हणून, आत असलेला त्याने मरत नाही.

चांदोबाच्या गठ्ठ्यांबद्दल माझं स्पष्ट मत आहे: ते सोडवा. आरपार दाभणाने शिवणं ही त्या काळी स्वस्तातली सोय होती, कारण सुट्या अंकांना फर्म्यासारखी (फर्मा म्हणजे घडी घातलेल्या पानांचा जुडगा) घडीत शिवण घालायला वेळ लागतो. पण त्या शिवणीमुळे पान वळायला जागा राहत नाही आणि कडक झालेला कागद बरोबर शिवणीच्या रेषेवर तुटतो. मागचा पुठ्ठा अलगद वेगळा करा, दोरा दर टाक्याला बारीक कात्रीने कापा आणि एकेक टाका चिमट्याने ओढून काढा. सगळा दोरा एका हिसक्यात ओढू नका. मोकळे झालेले अंक आडवे, एकावर एक, खोक्यात. पुन्हा बांधायची गरज नाही.

'किशोर'च्या पिना पिन काढायच्या यंत्राने उपटू नका. आतून पिनेचे पाय बोथट सुरीने सरळ करा, मग बाहेरून उचला. त्याच भोकांतून सुती दोरा घालून मध्यावर गाठ मारा, म्हणजे नवं भोक पडत नाही. गंजाचे डाग राहतील, ते घालवायच्या मागे लागू नका.

ट्रंक मात्र बाद करा. पत्र्याला आतून पाणी सुटतं. पुस्तकं कापडात गुंडाळायची असतील तर मांजरपाट चालेल, पण आधी दोनदा गरम पाण्यात धुऊन. कोऱ्या कापडाला कांजी असते आणि कांजी हे कसरीचं आवडतं खाणं. आणि कुणी लॅमिनेशन करून घ्या म्हणालं तर ऐकू नका. ते परत उलटवता येत नाही.

वाशिष्ठी

मी चिपळूणची. वरच्या दादांनी सगळं नीट सांगितलंय, मी फक्त एकच गोष्ट जोडते: हे सगळं करायच्या आधी फोटो काढा.

२२ जुलै २०२१ ला पुराचं पाणी आमच्या तळमजल्यात माझ्या डोक्याच्या वर गेलं होतं. गावातलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं, त्याने २००५ चा पूर सोसला होता आणि या खेपेला पुन्हा तेच. घरचं सावरून झाल्यावर आम्ही पुस्तकांकडे वळलो तेव्हा जे दिसलं ते मी कुठे वाचलेलं नव्हतं. गुळगुळीत चकचकीत कागदाची पुस्तकं वाळता वाळता एकमेकांना चिकटून वीट झाली, पान सुटेना. आणि साध्या खरखरीत कागदाची, आपण हलकी समजतो ती मासिकं, पंख्याखाली पानांत कोरे कागद घालून वाळवली तर वेडीवाकडी का होईना पण वाचण्याजोगी उरली. चकचकीत कागदावर मुलामा असतो, तो भिजला की डिंकासारखा होतो. ती पुस्तकं ओली असतानाच पानं सुटी करायला हवी होती, नाहीतर सरळ शीतगृहात नेऊन गोठवायला हवी होती. दोन दिवसांत बुरशी येते.

पण मला लागलं ते वेगळं. माझ्या आजोबांनी मला दिलेल्या पुस्तकावर शाईने लिहिलेल्या चार ओळी होत्या. छपाईचं अक्षरन् अक्षर राहिलं, पेन्सिलच्या खुणा राहिल्या, आणि त्या चार ओळींचा निळा ढग झाला. शाईच्या पेनाची शाई पाण्यात जाते. म्हणून ताई, अण्णांनी लिहिलेली सगळी पहिली पानं आजच टिपून ठेवा. खिडकीशी, दिवसाउजेडी, फ्लॅश न टाकता, मोबाइल पानाच्या बरोबर वर धरून. आणि अण्णा आहेत तोवर प्रत्येक नोंदीमागची हकीकत त्यांच्या तोंडून ऐकून घ्या. माझ्याकडे विचारायला कुणी उरलेलं नाही.

अंबानगरी

मी अमरावतीचा. माझं मत थोडं वेगळं आहे, ताई, राग मानू नका.

पोरीला द्या. खोक्यात आडवी निजवलेली पुस्तकं पोरं उघडत नाहीत. आमच्या घरी ना. धों. ताम्हनकरांच्या 'गोट्या'चे भाग होते, माझ्या मोठ्या भावाने वाचले, मी वाचले, शेजारच्या सगळ्या पोरांनी नेऊन वाचले. पहिल्या भागाचं मुखपृष्ठ गेलं तर काकूंनी कॅलेंडरच्या पाठीमागचा कागद लावून त्यावर नाव लिहून दिलं. माझ्या मुलाने तेच वाचलं. कॅलेंडरवाला भागच त्याला खरा वाटतो, दुकानातला नवा दाखवला तर त्याने हातात धरला नाही.

फक्त सरसकट एकच नियम लावू नका. फास्टर फेणे आजही दुकानात मिळतो. भा. रा. भागवतांचा बन्या फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आला आणि अजून तिथेच आहे, तुमची प्रत फाटली तर गोष्ट कुठे जात नाही. 'किशोर'चे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर फुकट ठेवलेत, लेकीला पडद्यावर वाचू द्या आणि छापील अंक मनात धाक न ठेवता चाळू द्या. चांदोबा मराठीत १९५२ ला सुरू झाला आणि आता बंद आहे, त्याचे सुटे अंक जुन्या बाजारात अजून सापडतात. रशियन पुस्तकांचं मात्र तसं नाही. १९९१ ला सोव्हिएत संघ संपला आणि ती यायची थांबली. रादुगा प्रकाशनाची, अनिल हवालदारांनी मॉस्कोत बसून मराठीत आणलेली पुस्तकं आज कुणाकडे आहेत ती तेवढीच. ती नीट बघा. पण कुलूप नको.

लांबची_लेक

न्यू जर्सीहून. तुमच्या लेकीच्या अडखळण्याबद्दल लिहिते, कारण तो भाग कुणी घेतला नाही.

माझा मुलगा रविवारच्या मराठी शाळेत जातो. अक्षरं येतात, पण धडा म्हटला की कपाळाला आठ्या. मी येताना सामानात एकच पुस्तक आणू शकले होते, एका रशियन अस्वलाचं. त्यात पानावर चार ओळी आणि बाकी चित्र. आम्ही एक पान मी, एक पान तू असं वाचायला लागलो. त्याचं पान असताना मी मधे शब्द सांगत नाही, तो लावेल तितका वेळ. चांदोबाने सुरुवात करू नका, तिथली वाक्यं लांब, जोडाक्षरं दाट आणि छपाई बारीक. मोठ्या टाइपातलं रशियनच घ्या. तुमचा जीव असलेलं पुस्तक मुलाला दिलं की आपला आवाज आपोआप बदलतो आणि ते मुलांना लगेच कळतं. त्या आवाजासाठी ती ऐकायला बसतात असं माझं प्रामाणिक मत आहे.

मिरज_जंक्शन

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कामाचं मिळेल असं वाटलं नव्हतं.

परवा मिरजेला जाऊन आले. वाशिष्ठीताई, तुमचं वाचून आधी फोटो काढले. अण्णांना खुर्चीत बसवलं, एकेक पान समोर धरलं आणि मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं. रद्दीत घाल म्हणणारे अण्णा दोन तास बोलत होते. जेजुरीला गाडी थांबली होती कारण पुढच्या स्टेशनवरून समोरची गाडी सुटली नव्हती. दुसऱ्या एका पुस्तकावर नुसतं 'किर्लोस्करवाडी' लिहिलंय. ते पुस्तक त्यांना तिथल्या स्टेशनमास्तरांनी 'तुमच्या मुलीला द्या' म्हणून दिलं होतं, त्यांची स्वतःची मुलगी वाचून मोठी झाली होती. म्हणजे माझं म्हणून मी जपलेलं पुस्तक आधी दुसऱ्याच मुलीचं होतं! हे मला आजवर ठाऊकच नव्हतं.

अंबानगरीदादा, राग कसला. तुमचं रशियन पुस्तकांबद्दलचं मला नेमकं उलट पटलं. परत मिळणार नाहीत म्हणूनच ती लेकीच्या हाताशी, उघड्या फळीवर राहतील. कागद दणकट आहे, टाइप मोठा आहे, आणि तिने वाचायचं वय आत्ता आहे. चांदोबाचे गठ्ठे सोडवणार. एक सोडवून पाहिला, टाक्यांत गेलेले शब्द पहिल्यांदाच दिसले. विक्रम-वेताळाच्या एका गोष्टीत वेताळाचा प्रश्नच शिवणीत गेला होता, म्हणजे मी लहानपणी राजाचं उत्तर तेवढं वाचत होते. 'किशोर' लेक पडद्यावर वाचेल. फास्टर फेणे नवा आणून देणार, जुना माझ्या कपाटात.

एक पान तू, एक पान मी सुरू केलंय. तार बर्फात पडते तिथपर्यंत पोचलोय. लेकीला त्या मुलांचा राग आलाय. 'आईला सांगायला काय झालं होतं?' हे तिने जेवतानाही विचारलं. पुढचं मी सांगितलेलं नाही, अण्णांनाही सांगू दिलेलं नाही.

खळ_आणि_पुठ्ठा काका, दोन शंका उरल्यात. सेलोटेपचं काय करू? आणि सुटलेल्या पुठ्ठ्यांना बाजारातला पांढरा गोंद चालेल का, की खळच करू? आई म्हणते तिच्या माहेरी खळीत मोरचूद घालायचे.

खळ_आणि_पुठ्ठा

सेलोटेपची वरची पट्टी आपणहून सुटत असेल तेवढीच उचला. घट्ट असेल तिथे राहू द्या, ओढलीत तर छापलेली अक्षरं घेऊन येईल. पेट्रोल, थिनर काही लावू नका, शाई पसरते. चिकटपणा उरलेल्या जागी पानाच्या मधे बटर पेपरचा तुकडा ठेवा म्हणजे समोरचं पान धरणार नाही. टेप निघालेल्या फाटीला जपानी टिश्यू लावा, मोठ्या शहरांत चित्रकलेच्या सामानाच्या दुकानांत विचारा. कागदी तुतीच्या सालीचे लांब धागे असतात त्यात, पातळ असून धरून ठेवतो, अक्षरंही त्यातून वाचता येतात. पट्टी कात्रीने कापू नका. पाण्याची रेघ ओढून हाताने फाडा, कडेचे धागे मोकळे राहिले की पानात मिसळतात.

पांढरा गोंद नको, वाळला की परत निघत नाही. खळच करा. एक भाग मैदा, पाच भाग पाणी, आधी गार पाण्यात गुठळ्या मोडा, मग मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत. गार झाल्यावर जाड फडक्यातून गाळा. आईंचं बरोबर आहे, बायंडर मोरचूद घालायचेच, किडा लागू नये म्हणून. पण त्यातलं तांबं वर्षानुवर्षांत कागदालाच खातं, आणि मोरचूद विषारी आहे, मुलीचा हात लागणार तिथे नको. त्याऐवजी लागेल तेवढी ताजी करा, दोन दिवसांपेक्षा ठेवू नका. पुठ्ठ्याच्या सांध्यात ब्रशने अगदी पातळ लावा, दोन्ही बाजूंना बटर पेपर घालून वर पाटा ठेवा आणि एक रात्र उघडू नका. पावसाळ्यात करत असाल तर दोन रात्री.